तफावत : तारापूरचे रंग, रंगरेजाचा डोळा आणि सतरा इंग्रज

बोईसर स्टेशनला उतरून तारापूर रोडने एमआयडीसीकडे निघाले की आधी वास येतो आणि मग रंग दिसतात. नव्वदच्या दशकात पदवीनंतरची दोन वर्षे मी तिथल्या एका प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये काढली. त्या कंपनीचे नाव घेण्यात अर्थ नाही, तशा कंपन्या तिथे बऱ्याच होत्या. माझे काम साधे होते. पार्टीने दिलेल्या नमुन्याबरहुकूम बीकरमध्ये कापडाचा तुकडा रंगवायचा, म्हणजे ‘लॅब डिप’ काढायचा, आणि शेड जुळली की डायहाऊसला रेसिपी लिहून द्यायची. शेड जुळली की नाही हे मात्र मी ठरवत नव्हतो. ते उस्ताद ठरवत.

उस्ताद उत्तर प्रदेशातल्या रंगरेज घराण्यातले होते. वडील आणि आजोबा ओढण्या, साफे रंगवत. ते स्वतः आधी मुंबईच्या गिरणीत होते आणि संपानंतर इकडे आले. चष्मा न लावता तुकडा हातात घेत, दोन बोटांत दुमडत आणि म्हणत, “बेटा, इसमें लाल भाग रहा है. पीला थोडा दबाओ.” मग मी पिवळा अर्धा टक्का कमी करी आणि खरेच जुळे.

एकदा मरून रंगाचा मोठा लॉट होता, शाळेच्या गणवेशाचा. नेहमीचा तांबडा रंग महागला म्हणून मालकांनी दुसऱ्या बनावटीचा स्वस्त रंग आणला होता. रात्रपाळीत लॅबच्या ट्यूबलाइटखाली तुकडा आणि नमुना शेजारी ठेवले तर फरक दिसेना. मॅनेजरने पास केले. पहाटे फजरची नमाज आटोपून उस्ताद आले, तुकडा घेऊन उत्तरेच्या बाजूला उघड्यावर उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, “ये दो अलग रंग हैं.” तोपर्यंत माल जेटमध्ये चढला होता. मॅनेजर हसले. पंधरा दिवसांनी पूर्ण लॉट परत आला. सोबत एक कागद होता. पार्टीकडे रंग मोजायचे यंत्र होते आणि त्या कागदावर लिहिले होते : डी-६५, डेल्टा ई २.८, नापसंत. नुकसान कंत्राटी कामगारांच्या ओव्हरटाइममधून वळते झाले. उस्तादांनाही बोलणी बसली, ‘शेड तुमच्या खात्याची’ म्हणून.

त्या कागदावरच्या दोन गोष्टी, डी-६५ आणि डेल्टा ई, कुठून आल्या हे समजायला मला पुढे बरीच वर्षे लागली. हा लेख त्याबद्दलच आहे.

आधी उस्ताद बरोबर का होते, ते पाहू. रंग वस्तूत एकटा नसतो. दिव्यातून निघालेला प्रकाश, त्यातला वस्तूने गिळलेला आणि परत पाठवलेला भाग, आणि पाहणारा डोळा, असे तिघे मिळून रंग होतो. ट्यूबलाइटच्या प्रकाशात काही तरंगलांब्या भरपूर असतात, काही जवळपास नसतातच. दोन वेगळी रसायने नेमकी त्या नसलेल्या जागी एकमेकांपासून वेगळी वागत असली, तर ट्यूबखाली ती एकसारखी दिसतात आणि उन्हात उघडी पडतात. याला मेटामेरिझम म्हणतात. साडीच्या दुकानातून बाई ब्लाउजपीस घेऊन दारात उजेडाला जाते, ती हीच तपासणी करते. तिला तो शब्द माहीत असायची गरज नाही.

या त्रिकुटाचा पद्धतशीर विचार प्रथम ज्यांनी केला, त्यात बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत आयुष्य काढलेल्या इब्न अल-हैसम यांचे नाव वरचे आहे. ‘किताब अल-मनाझिर’ हा त्यांचा सात भागांचा ग्रंथ अकराव्या शतकाच्या सुरुवातीचा. डोळ्यातून किरण निघून वस्तूवर पडतात, ही ग्रीकांकडून आलेली समजूत त्यांनी खोडली. प्रकाश आणि रंग वस्तूकडून डोळ्याकडे येतात, आणि उजेड बदलला की रंगही बदललेला दिसतो, हे त्यांनी उदाहरणे देऊन मांडले. वेगवेगळ्या रंगांचे पट्टे काढलेला भोवरा फिरवला की सगळे मिळून एकच रंग दिसतो, हेही त्यांनी नोंदवले. त्यांचा मुद्दा असा की रंग ओळखायला डोळ्याला थोडा तरी वेळ लागतो. पुढे १८५०च्या दशकात स्कॉटलंडच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी रंगीत चकत्यांचा भोवरा फिरवून तीन रंगांच्या मिश्रणाची समीकरणे मांडली, तेव्हा खेळणे तेच होते, हिशेब नवा होता.

दुसरे नाव नसीरुद्दीन तूसी यांचे. मरागाच्या वेधशाळेमुळे ते खगोलशास्त्रात प्रसिद्ध आहेत. ग्रीक परंपरेत सगळे रंग पांढरा आणि काळा यांच्यामध्ये एकाच ओळीत बसवले जात. इब्न सीना यांनी त्या दोन टोकांमध्ये तीन वाटा सांगितल्या. तेराव्या शतकात तूसींनी पाच सांगितल्या : पिवळ्यातून, तांबड्यातून, हिरव्यातून, निळ्यातून आणि करड्यातून. हे वाचायला किरकोळ वाटते. पण रंग एका रेषेवर मावत नाहीत, त्यांना जागा लागते, ही कल्पना यात आहे, आणि आजच्या प्रत्येक यंत्राचा पाया तोच आहे. या मध्ययुगीन रंगविचाराचा अलीकडे बारकाईने अभ्यास केला तो एरिक किर्शनर या डच संशोधकाने, जो पेंट बनवणाऱ्या आक्झोनोबेल कंपनीत रंगमापनाचेच काम करतो. इतिहासाच्या प्राध्यापकांच्या आधी रंगवाल्याचे लक्ष तिकडे गेले, याची मला गंमत वाटते.

आपल्या मराठीतही हा वारसा भाषेतून उतरला आहे. गुलाबी, आस्मानी, बदामी, फिरोजी, किरमिजी, खाकी हे सगळे फारसी-अरबीतून आलेले. किरमिजीचे मूळ ‘किर्मिझ’ नावाच्या किड्यात, तर खाकीचे ‘खाक’ म्हणजे धुळीत. पण मला त्याहून नवल वाटते ते कारखान्यातल्या तपासणीच्या शब्दांचे. नमुना फारसी. पसंत-नापसंत फारसी. दर्जा अरबी, मूळ अर्थ पायरी. तफावत अरबी. मंजूर-नामंजूर तसेच. क्यूसी खात्याचा मराठी रजिस्टर उघडा, निम्मी पाने या शब्दांवर चालतात. त्या परत आलेल्या कागदावरचा ‘डेल्टा ई’ म्हणजे दुसरे काय? तफावत.

आता आकड्यांकडे येऊ. रंग मोजायची औद्योगिक गरज पहिल्यांदा कापडवाल्याने नाही, एका दारू गाळणाऱ्याने भागवली. इंग्लंडमधल्या सॉल्सबरीचे जोसेफ लोव्हिबाँड यांना प्रत्येक पिंपातल्या बिअरचा रंग सारखा हवा होता. त्यांनी रंगीत काचांच्या चढत्या पट्ट्या बनवल्या, एका भोकातून बिअर आणि दुसऱ्यातून काचा पाहायच्या. १८८५ साली त्याचे ‘टिंटोमीटर’ झाले. खाद्यतेलाच्या कारखान्यात आजही तेलाचा रंग ‘लोव्हिबाँड’मध्येच सांगतात. तेव्हा ज्या गोडेतेलात आपण इफ्तारची भजी तळतो, त्याची मोजपट्टी बिअरची निघाली. असो.

खरे वर्ष १९३१. त्या वर्षी सप्टेंबरात केंब्रिजला आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाची, म्हणजे सीआयईची, बैठक झाली आणि ‘प्रमाण निरीक्षक’ ठरला. हा कोणी माणूस नाही, आकड्यांचा तक्ता आहे. कोणत्या तरंगलांबीला माणसाचा डोळा तांबडा, हिरवा, निळा यांचे किती मिश्रण समजतो, ते त्यात लिहिले आहे. तो तक्ता दोन प्रयोगांतून आला. डेव्हिड राइट यांनी दहा जणांचे डोळे तपासले, जॉन गिल्ड यांनी सात जणांचे. एकूण सतरा, आणि दोन्ही प्रयोग इंग्लंडमधले. त्याच वर्षी पॉल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी रंगाच्या थरातून प्रकाश किती शोषला आणि किती विखुरला जातो याचे समीकरण दिले. कॉम्प्युटर आज ‘पिवळा अर्धा टक्का कमी करा’ असे सांगतो, ते त्या समीकरणावरून. आणि त्याच १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पावडरीचा धंदा सुरू केला, ज्याचे पुढे कॅम्लिन झाले. तारापूरच्या एमआयडीसीत कॅम्लिनचा कारखाना आहे. चित्रकलेच्या तासाला आपण जे कॅमलचे रंग उघडले, त्यांच्यामागे याच घराण्यातले सुभाष दांडेकर होते, ते रंगरसायन शिकायला ग्लासगोला गेले होते. केंब्रिज आणि मुंबई या दोन घटनांचा एकमेकांशी संबंध काही नाही. पण तारापूरचा विषय निघाला की मला त्या दोन्ही एकत्र आठवतात.

सतरा माणसांच्या डोळ्यांवर साऱ्या जगाचे कापड, पेंट, प्लास्टिक, कार मोजली जाते, याचे मला सुरुवातीला वाईट वाटे. आमचा एकही डोळा त्यात नाही! पण निरोगी डोळे जगभर बऱ्यापैकी सारखेच निघाले, तक्ता टिकला. उजेडाचे तसे नाही. डी-६५ म्हणजे प्रमाण दिवसाचा प्रकाश. १९६४ साली जड, मॅकॲडम आणि विशेत्स्की यांनी दिवसाच्या प्रकाशाची ६२२ मोजमापे एकत्र करून तो ठरवण्याची पद्धत दिली. ही मोजमापे अमेरिकेतल्या रोचेस्टरची, कॅनडातल्या ओटावाची आणि इंग्लंडमधल्या एनफिल्डची. उष्ण कटिबंधातले एकही ठिकाण नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या दास आणि शास्त्री यांनी १९६५ पासून आपल्याकडच्या आकाशाची मोजमापे करून अमेरिकेच्या प्रकाशशास्त्राच्या नियतकालिकात छापली. तोवर गाडी पुढे गेली होती. व्यापारात डी-६५च चालला. तारापूरच्या मालाचे गिऱ्हाईक बहुतेक त्याच आकाशाखालचे, त्यामुळे त्यात गैर काही नव्हते असेही म्हणता येईल. उस्ताद मात्र तारापूरच्या पहाटेच्या उजेडात उत्तरेकडे तोंड करून उभे राहत. चित्रकारही स्टुडिओची खिडकी उत्तरेला ठेवतात. त्या दिशेला ऊन थेट येत नाही, उजेड दिवसभर कमी बदलतो. शास्त्राच्या प्रमाण दिव्यालाही साधायचे होते ते एवढेच.

तफावतीला एक आकडा द्यायचा, हे १९७६ साली पक्के झाले. सीआयईने रंगाला तीन अक्ष दिले : एल म्हणजे उजळ-गडद, ए म्हणजे तांबडा-हिरवा, बी म्हणजे पिवळा-निळा. दोन तुकडे म्हणजे या जागेतले दोन ठिपके, आणि त्यांच्यामधले सरळ अंतर म्हणजे डेल्टा ई. साधारण १च्या आसपास फरक सवयीच्या डोळ्याला कळू लागतो. आमचा २.८ म्हणजे दारात उभ्या असलेल्या कोणालाही दिसेल असा. पण इथे एक खोड होती. डोळा करड्या रंगातला फरक चटकन पकडतो आणि भडक केशरीतला सोडून देतो, म्हणून सगळीकडे एकच आकडा न्याय करत नाही. इंग्लंडच्या रंगाऱ्यांच्या संस्थेने १९८४ मध्ये सीएमसी सूत्र काढले, मग १९९४ आणि २०००ची सूत्रे आली. करारात सूत्राचे नाव न लिहिता नुसते ‘डेल्टा ई १च्या आत’ लिहिले की भांडण ठरलेले. मी अशी भांडणे पाहिली आहेत. दोन्ही बाजूंकडे यंत्राचा कागद असतो आणि दोन्ही कागद खरे असतात.

आणि यंत्राला पावसाळा कळत नाही. ओलसर कापड गडद दिसते आणि गडद मोजले जाते. भारतीय मानकाप्रमाणे कापड तपासण्याआधी २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेत ठेवायचे असते. जुलैत तारापूरला एसी बंद पडलेल्या लॅबमध्ये ६५ टक्के आर्द्रता कुठून आणायची?

रंगाइतकीच भांडणे चकाकीवर होतात, आणि तारापुरात कापडाबरोबर पोलादी पत्र्यावर रंग चढवणारे कारखानेही आहेत. पत्र्याच्या छपराचा निळा जुळला तरी एक पत्रा चमकणारा आणि शेजारचा मंद असला की छप्पर ठिगळासारखे दिसते. चकाकीला मराठीत एक सुंदर जुना शब्द आहे, जिल्हई. तोही अरबीतल्या ‘जिला’वरून आला. कल्हई आणि मुलामा त्याच भाषेतून आले. पृष्ठभाग चमकवणाऱ्या कारागिरांनी आपले शब्द मागे ठेवले, एवढे त्यावरून दिसते.

जिल्हई मोजायचे पहिले नाव घेण्याजोगे यंत्र कागदासाठी होते, अमेरिकेतल्या इंगरसॉल यांचे ‘ग्लॅरिमीटर’, १९१४च्या सुमाराचे. पुढे रिचर्ड हंटर यांनी १९३७ मध्ये दाखवले की आपण ज्याला एका शब्दात चमक म्हणतो त्यात सहा वेगळ्या गोष्टी आहेत. आरशासारखे परावर्तन ही एक, तिरक्या नजरेला दिसणारी झाक दुसरी, प्रतिबिंब किती रेखीव दिसते ही आणखी एक, अशा. कारखान्यात बहुतेक वेळा पहिलीच मोजतात. ग्लॉसमीटर पृष्ठभागावर ६० अंशांच्या कोनात प्रकाश टाकतो आणि तेवढ्याच कोनात परत आलेला टिपतो. मापाचा आधार म्हणजे चकचकीत काळी काच, जिचा अपवर्तनांक १.५६७ आहे. तिला १०० धरायचे. गंमत अशी की त्या कोनात ती काच फक्त सुमारे दहा टक्के प्रकाश परत पाठवते. म्हणून १०० आकडा पाहून ‘शंभर टक्के चमक’ समजणारा फसतो, आणि पॉलिश केलेला धातू शंभराच्या कितीतरी वर गेला तर यंत्र बिघडले असे वाटते. फार चमकणारा थर असेल, ७०च्या वर, तर २० अंशांनी मोजायचे. अगदी मंद, १०च्या खाली, तर ८५ अंशांनी. ती काळी टाइल शर्टाच्या टोकाने पुसणारे ऑपरेटर मी पाहिले आहेत. टाइलवर बारीक ओरखडे पडतात, आणि मग त्या दिवसापासून साऱ्या कारखान्याचा माल कागदावर जास्त चमकू लागतो.

रंग आणि जिल्हई एकमेकांत पाय अडकवतात. तोच पेंट चकचकीत आणि मंद अशा दोन रूपांत काढला तर मंद पृष्ठभाग फिकट दिसतो, कारण तो पांढरा उजेड सगळीकडे विखुरतो. त्यामुळे यंत्रात चमक धरून मोजायचे की वगळून, हे आधी ठरवावे लागते. रेसिपी बनवणाऱ्याला धरून हवे असते, गिऱ्हाइकाला दिसते ते वगळून.

हे ज्ञान तारापूरला आले कुठून? बरेचसे माटुंग्याहून. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, ज्याला सगळे यूडीसीटी म्हणत आणि आता आयसीटी म्हणतात. तिथला सुरुवातीचा एक विषय कापड रसायन हाच होता, कारण गिरण्यांना माणसे हवी होती. १९३८ मध्ये के. वेंकटरामन त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५२ पासून जगभर वापरला गेला. पण गिरणीत माटुंग्याचा पदवीधर आणि घराण्यातला रंगरेज शेजारी शेजारी काम करत. एकाकडे सूत्र, दुसऱ्याकडे डोळा. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, गिरणगाव विझत गेला, आणि कापड रंगवायचा बराच धंदा भिवंडी, तारापूर, सुरत अशा ठिकाणी पांगला. पदवीधर आणि उस्ताद दोघेही त्याच्यामागे गेले.

त्या मरून लॉटनंतर सहा महिन्यांनी आमच्याकडेही यंत्र आले. पेटीएवढा स्पेक्ट्रोफोटोमीटर, आत पांढरा गोल, शेजारी कॉम्प्युटर. मॅनेजरने पहिल्याच दिवशी तो जुना तुकडा लावून पाहिला. ट्यूबच्या उजेडाच्या हिशेबात ०.४, दिवसाच्या उजेडात २.९. उस्ताद बरोबर होते हे यंत्राने छापून दिले. पुढच्या वर्षी त्यांचे काम गेले. यंत्राला मी अन्यायी म्हणणार नाही. वय वाढले की डोळ्यातले भिंग पिवळट होते, निळ्याची पारख मंदावते. उस्ताद स्वतःच सांगत की निळे तुकडे ते आता मला आधी दाखवतात. शिवाय शंभरातल्या सात-आठ पुरुषांना तांबड्या-हिरव्याची पारख जन्मतःच कमी असते आणि त्यांना ते बरेचदा माहीतही नसते. आमच्या रात्रपाळीत तसा एक सुपरवायझर निघाला. डोळ्याच्या भरवशावर कामगाराची मजुरी कापणे यंत्रापेक्षा वाईट. माझी तक्रार वेगळी आहे. ०.४ आणि २.९ मधला फरक दाखवणारा कागद आला, तेव्हा कापलेला ओव्हरटाइम परत करा असे कोणी म्हटले नाही. मीही म्हटले नाही.

तारापूरच्या रंगाचा हिशेब कापडावर संपत नाही. जो रंग धाग्याला धरत नाही तो पाण्यात जातो. सामाईक सांडपाणी केंद्रातून पाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांमध्ये तारापूर ९३.६९ गुणांनी सर्वांत वर होते. त्याआधी, २०१६ साली, अखिल भारतीय मांगेला समाज परिषद मच्छीमारांच्या वतीने हरित लवादाकडे गेली होती. त्याच वर्षीच्या केंद्राच्या अधिसूचनेत कापड उद्योगाच्या सांडपाण्याच्या रंगाला मर्यादा आहे, १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकके. हे माप ॲलन हेझन या अमेरिकन इंजिनिअरने १८९२ मध्ये काढले, पानपाल्याने पिवळसर झालेले पिण्याचे पाणी तपासायला. त्याचे प्रमाण द्रावण पिवळे असते. मरून, मोरपंखी किंवा नेव्ही ब्लू पाणी त्या पट्टीवर कुठे बसवायचे? अमेरिकेच्या रंग उत्पादकांच्या संस्थेने कोणत्याही छटेचे पाणी मोजता येईल अशी पद्धत नंतर काढली, तीही तफावतीच्या सूत्रावरच. म्हणजे विद्या आहे. एमआयडीसीतल्या कितीतरी लॅबमध्ये ती टेबलावर मांडलेली आहे, तिथे कापडाच्या तांबड्यातला अर्ध्या एककाचा फरक रोज पकडला जातो. त्याच तांबड्याचे पाणी बाहेर पडले की त्याच्यासाठी पिवळी पट्टी.

गेल्या पावसाळ्यानंतर नवापूरला गेलो होतो. सोबत तिथला एक जुना दोस्त होता, होडीवाला. सकाळ होती, ऊन चढले नव्हते. ओंजळीत पाणी घेऊन मी सवयीने उत्तरेकडे वळलो. तो म्हणाला, “हाताने कशाला बघतोस, जाळं बघ,” आणि होडीतून गेल्या वर्षीचे पांढरे जाळे काढून वाळूवर पसरले.